मोहिनीच्या नाकावरचा बिननंबरी चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. जुना म्हणजे अगदी आजोबांच्या वेळचा नव्हे हं, जेमतेम दीड वर्षाचा. पण चष्म्यांच्या जगात तेवढ्यातही म्हातारपण येतं. माझी एक काडी सैल झाली आहे आणि जांभळा रंग कडेने उडाला आहे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच माझ्यावर विश्वास ठेवाल. माझ्यात नंबर नाही. कधीच नव्हता! माझ्या काचा खिडकीच्या काचेइतक्या साध्या आहेत. तरीही एका आख्ख्या गावाने मला डोक्यावर घेतलं होतं, आणि मी गप्प बसून ते कौतुक खाल्लं होतं.

माझं बालपण धुळ्यात गेलं, देवपुरातल्या अभिमनभाऊंच्या चष्म्याच्या दुकानात. आरशाशेजारच्या खिळ्यावर मी कितीतरी महिने लटकत होतो. गिऱ्हाईक आलं की मला नाकावर चढवायचं, आरशात तोंड वाकडं करून पाहायचं आणि पुन्हा लटकवून जायचं. माझ्यातून कोणी पाहतच नव्हतं, सगळे मला घातलेल्या स्वतःलाच पाहत होते. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. माणूस समोर आला की मी आधी विचार करतो, याला खरंच काय हवंय?

दिवाळीच्या सुट्टीत चुडामण आबा नातीला घेऊन दुकानात आले. गाव रावेरकडचं, केळीच्या बागांचं. नातीची मावशी देवपुरात राहते, तिच्याकडे दोघं चार दिवस आले होते. नातीचं नाव मोहिनी, इयत्ता पाचवी. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं आणि नजर जमिनीवर.

अभिमनभाऊंनी तिला भिंतीवरचा तक्ता दाखवला. चित्रांची ओळ तिने शेवटच्या बारीक मुंगीपर्यंत बरोबर सांगितली. अक्षरांची ओळ आली आणि तिचं तोंड कुलूप लावल्यासारखं बंद झालं. भाऊंनी यंत्रातूनही डोळे नीट तपासले आणि म्हणाले, "आबा, डोयामा काही नही. बठ्ठं चांगलं शे."

आबांच्या कपाळावर आठी आली. "मले काय येडा समजतो का रे? पोरीले पुस्तक दिसत नाही अन् तू म्हणतो डोळे चांगले? दुकानदार असून चष्मा नको म्हणतो! काहीतरी लपवू राह्यला तू."

"आबा, काय लपाडसू मी? नंबरच नही तर..."

"काही ऐकत नाही मी. चष्मा दे."

भाऊंनी मान हलवली, मला खिळ्यावरून काढलं, साध्या काचा बसवल्या आणि हसत म्हणाले, "ल्या. निदान धूळ तरी लागावं नही."

असा मी मोहिनीच्या नाकावर आलो.

आता खरं सांगतो, मित्रांनो, पहिल्याच आठवड्यात मला त्या मुलीचा संशय आला. तिचे डोळे ठणठणीत! बागेच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचा कोणता घड कापणीला आला आहे हे ती सांगायची, आणि तिचे पप्पा प्रेमराज ते तपासायचे तर बरोबर निघायचं. मग पुस्तक उघडलं की हिला काय होतं? बोट एका शब्दावर थांबायचं, घाम फुटायचा, तोच शब्द खालच्या ओळीत पुन्हा आला तरी जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहिला अशी थबकायची. कधी तहान लागायची, कधी पोटात दुखायचं. मी मनात म्हटलं, पोरगी कामचुकार आहे, दुसरं काय!

आणि मग चमत्कार झाला.

वर्गशिक्षक योगेंद्र सरांनी एक दिवस तिला धडा वाचायला उभं केलं. सगळा वर्ग आधीच खुसुखुसू हसायला लागला होता. मोहिनीने पुस्तक धरलं आणि घडाघडा पूर्ण पान म्हटलं! एक चूक नाही, एक अडखळ नाही. सर खुर्चीतून उठलेच. "अरे वा! चष्म्याने तर कमाल केली!"

झालं! संध्याकाळपर्यंत बातमी गावभर. शेजारच्या धुरपदाबाई आपल्या नातवाला ओढतच घेऊन आल्या आणि मोहिनीच्या आईला म्हणाल्या, "हा चष्मा जरा ह्याच्या डोळ्याले लावा वं रत्ना, पाढे येतात का पाहू!" मला त्याच्या शेंबड्या नाकावर बसवण्यात आलं. पाढे आले नाहीत ते नाहीतच, पण धुरपदाबाई म्हणाल्या, "एक दिवसात कसं येईल? चष्म्याले वेळ लागतो."

आबा तर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "दुकानदार नाही म्हणत होता. मी सोडला नाही त्याले." आणि मी काय सांगू, फुगलो होतो नुसता!

पण मी तिच्या डोळ्यांच्या अगदी समोर होतो ना! मला दिसलं होतं. तोंड चौथ्या ओळीवर आणि बोट दुसऱ्या ओळीवर. पान संपलं की ते उलटायच्या आधीच पुढचं वाक्य सुरू! ही वाचत नव्हती.

त्याच संध्याकाळी उलगडा झाला. चुलीजवळ ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापता थापता मोहिनीची आई, रत्ना, पुस्तक समोर उभं करून दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मोहिनी डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्यांदा ऐकून झालं की धडा तिच्या डोक्यात जसाच्या तसा.

"आबांना सांगू नको हं," रत्ना दाराकडे पाहत पुटपुटली. "नाहीतर म्हणतील, पोरीत काहीतरी खोट आहे."

म्हणजे मायलेकींचं संगनमत! आणि मी त्यातला तिसरा साथीदार. कारण गुपित फुटलं असतं तर माझं कौतुकही संपलं असतं. म्हणून मीही मनातल्या मनात म्हटलं, कोणाला सांगू नका.

पाचवीत आता नुसतं हजेरीवर पुढे ढकलत नाहीत. वार्षिक परीक्षेत पास व्हावंच लागतं, आणि न ऐकलेला उतारा आला तर मोहिनी काय करणार होती? हे तिला कळत होतं. अंथरुणात पडल्या पडल्या ती बोटांवर महिने मोजायची.

डिसेंबरात रावेरच्या गटसाधन केंद्रातून प्रमिला बाई शाळेत आल्या. ज्या मुलांना शिकताना अडचण येते त्यांना शिकवणाऱ्या त्या विशेष शिक्षिका. आल्या आल्या मला त्यांचाही संशय आला, कारण त्या मुलांकडे कमी आणि मुलांच्या बोटांकडे जास्त पाहत होत्या. त्यांनी मोहिनीला धडा वाचायला सांगितलाच नाही! पर्समधून एक नवं कोरं कार्ड काढलं. चारच ओळी.

मोहिनी कार्डाकडे पाहत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. वर्ग हसला.

"मोहिनी!" योगेंद्र सर चिडले. "परवा तर घडाघडा वाचलंस. आज पाहुण्यांसमोर नाटक?"

तिच्या डोळ्यातून पाणी आलं आणि माझ्या काचेवर धुकं साचलं. प्रमिला बाईंनी मला हलकेच काढून घेतलं, पदराने पुसलं आणि चक्क स्वतःच्या नाकावर चढवलं. त्यांनी माझ्यातून कार्ड पाहिलं, मग मला वर करून पाहिलं.

"सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यात नंबरच नाही."

मेलो, मित्रांनो. असं वाटलं की फरशीवर पडून एकदाचं फुटून जावं.

बाई मोहिनीशेजारी बाकावर बसल्या. "मला सांग बेटा, काय होतं?"

"बाई, ऐकलं की राहतं. वाचलं की राहत नाही," मोहिनी मुसमुसत म्हणाली. "मी नाटक नाही करत. देवाशपथ."

एवढंच! दोन महिने मी तिच्या डोळ्यांसमोर होतो, आणि हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. सरांनाही नाही. त्या दिवशी सर तासभर खाली मान घालून वह्या तपासत बसले.

त्याच दिवशी प्रमिला बाई घरी आल्या. ओट्यावर आबा, प्रेमराज आणि दाराआड रत्ना. बाईंनी सांगितलं की हा डोळ्यांचा दोष नाही आणि बुद्धीचा तर मुळीच नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडी काही मुलांच्या डोक्यात सहज बसत नाही, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. ती जोडी वेगळ्या पद्धतीने, हळूहळू बसवावी लागते. जळगावला तपासणी होते, त्यासाठी पालकांची सही हवी.

आबांनी पानाची पिंक टाकली. "एकदा चष्म्यानं फसवलं. आता कागदानं फसवाले आल्या का? कागद चिकटला म्हणजे लोकं पोरीले येडी म्हणतील. जन्मभर!"

"आबा, चष्म्याने नाही फसवलं. अभिमनभाऊ नको म्हणत होते ना?" मोहिनी मध्येच बोलली. आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती खांबामागे गेली.

तेव्हा रत्ना बाहेर आली. सासऱ्यांसमोर ती कधी मोठ्याने बोलत नसे. "मी वाचून देते तिला," ती म्हणाली. "चष्मा आला तेव्हापासून, रोज. ती पाठ करते आणि तुम्ही सगळे शाबासकी देता. मला वाटलं, असंच निभेल. नाही निभत आबा. मी थकले, अन् ती पण."

प्रेमराजने बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. आबा चपला घालून बागेत निघून गेले.

जळगावच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरांनी आधी कान तपासले, मग डोळे. डोळे ठणठणीत, असं पुन्हा एकदा लिहिलं गेलं, आणि मी भिंतीतल्या देवळीत जाऊन पडलो. धूळ, कोळ्याचं जाळं आणि शेजारी एक जळकं बटण. माझे वाईट दिवस सुरू झाले. पण तिथून घर छान दिसायचं.

मला दिसायचं की मोहिनी ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर काढते आहे आणि त्याचा आवाज मोठ्याने म्हणते आहे. पुठ्ठ्याला खिडकी कापून एका वेळी एकच ओळ पाहते आहे. रोज वीस मिनिटं, जास्त नाही. बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, बाकीचे दिवस रत्ना. योगेंद्र सरांनी तर म्हणे तिला वर्गात अचानक उभं करणंच बंद केलं. मला वाटायचं, हे कसलं औषध? रव्याने कधी वाचता येतं का? दोन दिवसांत कंटाळतील आणि मला पुन्हा बोलावतील. महिना झाला, दोन झाले. कोणी बोलावलं नाही.

मार्चमध्ये जळगावहून तपासणीचा कागद आला. तो शाळेत दिला की परीक्षेत जादा वेळ मिळणार होता आणि प्रश्न वाचून दाखवणारं माणूस. पण कागद नेमका आबांच्या हाती पडला आणि त्यांनी तो आपल्या पेटीत घालून कुलूप लावलं! शाळेत द्यायला शनिवारपर्यंतची मुदत. प्रेमराजने विनवलं, रत्ना रडली. आबांचं एकच, "ती वाचते म्हणता ना? मग कागद कशाले? अन् वाचत नसेल, तर तुम्ही पुन्हा मले फसवू राह्यले."

शुक्रवारी दुपारी आबा बागेतून खताची रिकामी गोणी घेऊन आले. आजच फोडलेली. ती त्यांनी मोहिनीसमोर पसरली. "हे तर तुझ्या मायनं वाचून दिलं नाही ना? वाच."

माझी तर धूळसुद्धा हलली नाही.

मोहिनीने पुठ्ठ्याची खिडकी पहिल्या ओळीवर ठेवली. "पा... पाण्यात... विर... विघर..." थांबली. बोटाने गोणीवरच ते अक्षर गिरवलं. "वि-र-घ... विरघळणारे. पाण्यात विरघळणारे खत." मग पुढची ओळ. तिथे दोनदा चुकली, मागे आली, पुन्हा गेली. रत्नाचे ओठ हलायला लागले, तसा आबांनी हात वर केला. "तू गप बस."

"लहान... मुलां... मुलांच्या हाती... देऊ नये." मोहिनीने वर पाहिलं. "आबा! मग तुम्ही माझ्या हाती का दिली?"

आबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा कसातरीच झाला होता. "मागं तू घडाघडा म्हणत होती," ते हळूच म्हणाले. "एक चूक नव्हती. मले तेव्हाच कळाले पाहिजे होतं. आता चुकू राह्यली... म्हणजे वाचू राह्यली."

ते उठले. पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज मी देवळीतून ऐकला. पुढचं मोहिनीच्या तोंडून कळलं: शनिवारी सकाळी घंटा व्हायच्या आधीच, धुतलेली टोपी घालून, आबा स्वतः कागद घेऊन शाळेच्या फाटकात उभे होते. वाटेत धुरपदाबाईंनी विचारलं, "चष्मा कुठी गेला पोरीचा?" तर म्हणाले, "तिले नव्हता लागत. मले लागत होता."

मोहिनी आता सहावीत आहे. अजून हळू वाचते, अजून चुकते. मी देवळीतच आहे, आणि माझी तक्रार नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या वर्गात कोणी पुस्तक उघडताच गप्प होत असेल, कोणाला रोज त्याच तासाला तहान लागत असेल, तर हसू नका. त्याच्या नाकावर माझ्यासारखं काहीतरी बसवून मोकळेही होऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, नक्की काय होतं? उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ उठू नका.