सतराव्या खोऱ्याचा रकाना

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बदलीचा आदेश तिच्या टेबलावर आला. साडेदहाला तो उचलून परत आस्थापना शाखेत नेण्यात आला. मधली वीस मिनिटे ती खुशीत होती. तेवढ्यात तिने नवऱ्याला फोनही करून टाकला होता.

कार्यालय जलनकाशांचे, तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या आहेत, पण त्या नकाशांच्या कपाटांमागे गेल्याने दिवसभर दिवे लावावे लागतात. देशातल्या नद्या, ओढे, तलाव आणि कालवे एकाच नकाशात आणायचे, आणि पाटबंधारे, पाणीपुरवठा, पूरनियंत्रण अशा सगळ्या यंत्रणांनी तोच एक नकाशा वापरायचा, हे इथले काम. तिला सगळे नकाशाबाई म्हणतात. वय एकोणचाळीस. नवरा आणि सात वर्षांची मुलगी बसने नऊ तासांवरच्या शहरात राहतात. गेली तीन वर्षे ती एक शनिवार सोडून एक तिकडे जाते. बदली त्याच शहरात झाली होती. शुक्रवारी साडेपाचच्या आत इथून कार्यमुक्त झाली नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या नावाला मिळणार होती.

आस्थापना शाखेतल्या भाऊंनी अडचण सांगितली ती हळू आवाजात.

“बाई, तुमच्या नावावर एक खोरं निघालंय.”

“काय निघालंय?”

“खोरं. सतरा नंबरचं. उगमापासून थेट समुद्रापर्यंत. लोकांच्या नावावर घर निघतं, फार तर गाडी. तुम्ही तर नदीच लावून घेतलीत. ती दुसऱ्याच्या नावावर गेल्याशिवाय तुम्हाला सोडता येत नाही.”

ते खरे होते. पाच वर्षांपूर्वी सतराव्या खोऱ्याची नोंदणी झाली तेव्हा ‘जबाबदार अधिकारी’ हा रकाना कोणी भरायचा यावर तीन यंत्रणांची अडीच तास चर्चा झाली. पाटबंधारेवाले म्हणाले, पाणीपुरवठ्याने भरावा. पाणीपुरवठ्याने पूरनियंत्रणाकडे बोट दाखवले. पूरनियंत्रणाचा माणूस फोन आला म्हणून बाहेर गेला, तो गेलाच. रकाना रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. तिने स्वतःचे नाव टाकले आणि शेऱ्यात लिहिले, ‘तात्पुरते’. शेऱ्याचा रकाना छापील प्रतीत येत नाही, हे तिला ठाऊक होते. बैठक मात्र संपली, सगळ्यांनी तिचे कौतुक केले आणि जेवायला गेले. तेव्हापासून खोऱ्यातली प्रत्येक दुरुस्ती तिच्या नावावर होत आली आहे. आजवरच्या दुरुस्त्या अकराशे त्रेसष्ट.

ती मोठ्या साहेबांकडे गेली.

“माझ्या जागी जो येईल त्याचं नाव घालू या, साहेब.”

“नाही घालता येत. नवीन नियम आहे. रकान्यात वापरणाऱ्या यंत्रणेचाच माणूस हवा, आपल्या कार्यालयातला चालत नाही.” साहेबांनी चष्मा पुसला. “तुम्हीच तर सुचवला होतात. दोन वर्षांपूर्वीची तुमची टिपणी. यंत्रणांचा सहभाग वाढवण्यासाठी उपाय. त्यातला चौथा.”

तिला तो चौथा उपाय शब्दशः आठवला.

“कोणत्याही यंत्रणेचं नाव आणा,” साहेब म्हणाले, “मी उभ्या उभ्या सही करतो.”

पाटबंधारे कार्यालय दोन चौक पलीकडे. तिथल्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि ती बोलायच्या आत म्हणाले, “आमचा संपूर्ण पाठिंबा आहे.”

“पाठिंब्याचं पत्र गेल्या वर्षी मिळालंय. मला नाव हवंय.”

“पत्र पुन्हा देतो. या वेळी ‘संपूर्ण’च्या जागी ‘भरभक्कम’ घालतो.”

“साहेब, एक नाव. तुमच्याकडे चाळीस माणसं आहेत.”

“बाई, तुमच्यापाशी काय लपवायचं? एकेचाळीस ठिकाणी नदीची तुमची रेघ एकीकडून जाते, आमची दुसरीकडून. उद्या पूर आला आणि कोणी विचारलं की रेघ कोणाची, तर? आत्ता विचारलं तर तुमचं नाव सांगता येतं.” ते मनापासून हसले. “तुम्ही आहात म्हणून आम्ही निवांत झोपतो.”

पत्र घेऊन ती परत आली. पूरनियंत्रणाच्या कार्यालयात फोन कोणी उचलला नाही. दुपारी मुख्यालयाचा तिमाही अहवाल आला. त्यात सतराव्या खोऱ्यापुढे ‘यंत्रणांचा पाठिंबा: उत्कृष्ट’ अशी नोंद होती, आणि इतर खोऱ्यांसाठी ते आदर्श मानावे अशी शिफारस. भाऊंनी तो कागद तिच्या टेबलावर पालथा ठेवला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“आई, मी कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला. तुझ्या साड्या मावतील ना?”

“मावतील.”

“बाबा म्हणतात, एवढ्यात नको करू. मी केला.”

उरली पाणीपुरवठ्यातली मैत्रीण. प्रशिक्षणाला दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. आता ती कार्यकारी अभियंता आहे. शुक्रवारी सकाळी साडेदहाला नकाशाबाई तिच्या केबिनमध्ये होती.

“मी घेते ना,” मैत्रीण लगेच म्हणाली. “त्यात काय एवढं? टाक माझं नाव.”

मग ती पुढे म्हणाली, “फक्त तेवढं तलाव चारशे दोनचं बघ.”

चारशे दोन हा खोऱ्याच्या वरच्या अंगाचा तलाव. आठ वस्त्यांची नळयोजना त्यावर आखलेली आहे. मंजुरीसाठी नकाशात तो ‘बारमाही’ असावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात नकाशाबाई स्वतः तिथे गेली होती. तळाला पडलेल्या भेगेत तिची चप्पल अडकली, त्या चपलेसकट फोटो नोंदीला जोडलेला आहे. परत येऊन तिने ‘हंगामी’ लिहिले होते.

“अगं, मी त्या तलावातून चालत गेलेय.”

“एका वर्षी आटला असेल. आणि योजना नामंजूर झाली तर त्या वस्त्यांना आणखी सहा वर्षं टँकर. तू येणारेस सांगायला?”

“आणि मंजूर होऊन नळ कोरडे राहिले तर?”

“नकाशाची प्रत फाइलला लागली की सोमवारी मी स्वतः परत हंगामी करीन. तेव्हा रकाना माझाच असेल. एक शब्द आहे गं. तुझी पोरगी किती वर्षांची झाली?”

“सात.”

“बघ.”

ती परत येऊन टेबलाशी बसली. दुपारी जेवली नाही. तीनला नवऱ्याचा फोन आला, त्याला म्हणाली, “होतंय, होतंय.” साडेचारला भाऊ आदेश हातात घेऊन तिच्या दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

चार वाजून पन्नास मिनिटांनी तिने तलाव चारशे दोनची नोंद उघडली आणि ‘हंगामी’ खोडून ‘बारमाही’ लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘यंत्रणेच्या विनंतीवरून’. जोडलेला फोटो मात्र तिने तसाच ठेवला. मग जबाबदारी हस्तांतराचा अर्ज मैत्रिणीला पाठवला. पडद्यावर उत्तर आले: स्वीकृती प्रलंबित. स्वीकृती होईपर्यंत संपूर्ण खोरे दुरुस्तीसाठी बंद.

दुसरे वाक्य तिने दोनदा वाचले. हा नियमही त्याच टिपणीतला होता, सहावा.

पाच वाजून पाच मिनिटांनी मैत्रिणीने फोन उचलला. “आला गं अर्ज. साहेबांच्या कानावर घालते आणि दाबते बटण. दोन मिनिटं.” पाच वीसला फोन लागला, पण कोणी उचलला नाही. पाच पस्तीसला बंद होता.

भाऊ पावणेसहापर्यंत थांबले. “बाई, मी वर विचारलंय, प्रलंबित म्हणजे दिलं असं धरायचं का म्हणून. सोमवारी दुपारी बारापर्यंत आदेश माझ्या खणात राहील. त्याहून जास्त माझ्या हातात नाही.”

“त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर खोरं तुमचंच. आता त्यात बारमाही तलाव पण आहे.” बोलून गेल्यावर भाऊंना वाईट वाटले असावे. त्यांनी खण दोनदा ओढून कुलूप लागले आहे याची खात्री केली.

त्या शनिवारी तिची शहरात जायची पाळी होती. ती गेली नाही.

सोमवारी सकाळी अकरा वाजता समजलेली स्थिती अशी. पाणीपुरवठा कार्यालयाने शनिवारी नकाशाची अधिकृत प्रत उतरवून नळयोजनेच्या फाइलला जोडली, आणि फाइल मंजुरीसाठी पुढे गेली. मैत्रीण बुधवारपर्यंत रजेवर आहे, असे तिच्या कार्यालयातून सांगण्यात आले. तलाव चारशे दोनची नोंद उघडत नाही. भाऊंच्या पत्राला वरून उत्तर आलेले नाही. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नकाशाबाईने पडदा पुन्हा ताजा केला. सतराव्या खोऱ्याच्या रकान्यात तिचेच नाव होते.