दोन इकडे, दोन तिकडे

मी टायर बोलतोय. बर्फातल्या गाडीचा, अंगभर खिळे ठोकलेला, डाव्या बाजूचा पुढचा. आता मी कुठल्याच बाजूचा राहिलेलो नाही, पण ओळख सांगताना जुनी सवय सुटत नाही. माणसांवर माझं फार प्रेम नाही आणि रागही नाही. रस्ता धरून ठेवायचा, एवढंच आमचं काम. वर बसलेली माणसं हसतात, भांडतात, गप्प बसतात, ते आपोआप कानावर पडतं. त्याला इलाज नाही.

कारखान्यातल्या जन्माचं काही कौतुक सांगण्यासारखं नाही. साच्यातून निघालो, चौघांना एकत्र बांधलं आणि जहाजानं आर्जेन्टिनाच्या अगदी दक्षिणेकडच्या बेटावर आणून टाकलं. इथे जून उजाडला की दिवस जेमतेम तोंड दाखवून जातो आणि रस्त्यावर बर्फ बसतं ते सप्टेंबरपर्यंत उठत नाही. उशुआयाहून तोल्विनला जाताना घाट लागतो. त्या घाटाच्या पायथ्याशी अन्सेल्मोचं टायरचं दुकान आहे, पत्र्याची शेड आणि आत लाकडाची शेगडी. घाट चढण्याआधी ट्रकवाले तिथे थांबून चाकांना साखळ्या बांधतात आणि अन्सेल्मोच्या गप्पा ऐकतात. साखळ्या फुकट मिळत नाहीत, गप्पा मिळतात.

अन्सेल्मो विकायचे टायर शेडबाहेर थंडीत मांडून ठेवायचा. त्याचं म्हणणं, शेगडीजवळ सगळेच टायर गुणी दिसतात.

तिथेच नोर्बेर्तो आणि रोमिना आम्हाला बघायला आले. नोर्बेर्तो उत्तरेकडच्या मिसिओनेसचा. तिकडे उकाडा आणि गुडघाभर लाल चिखल. इथे तो तोल्विनच्या लाकडाच्या गिरणीत कामाला होता. रोमिना मात्र उशुआयातच जन्मलेली. त्यांची मुलगी आयलेन त्या वर्षी शाळेत जायला लागणार होती आणि बर्फात घाट ओलांडणं आता नेहमीचं होणार होतं.

नोर्बेर्तोचा जीव माझ्या शेजारच्या टायरवर जडला. तो चिखलातला गडी, रुंद, अंगावर वितीवितीचे ठोकळे, बघूनच माणूस दबावा असा. गावाकडे ह्यानंच गाड्या चिखलातून ओढून काढल्या, असं नोर्बेर्तो सांगत होता, आणि ते खरंही असणार. शिवाय आपली गाडी फोर व्हील ड्राइव्ह. चारही चाकं ओढतात म्हटल्यावर टायरची एवढी चिकित्सा कशाला, असा त्याचा सवाल होता.

रोमिनानं हातमोजा काढला आणि त्या दांडग्याच्या अंगात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. नख वाकलं. मग तिनं माझ्यावर दाबलं. माझं रबर थंडीसाठीच बनवलेलं, ते दबलं. माझ्या अंगावर ठोकळे लहान होते, पण प्रत्येकावर सुरीनं मारल्यासारख्या बारीक चिरा होत्या आणि मधूनमधून खिळ्यांची टोकं.

"गाडी चालू करायला चार चाकं ओढतात, मान्य," ती म्हणाली. "थांबवताना कोण ओढणार? तुझा गावाकडचा चिखल?"

अन्सेल्मो शेगडीत लाकूड सरकवायला वळला, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. आम्ही चौघं त्यांच्या गाडीला लागलो.

दोन हिवाळे बरे गेले. आम्ही बर्फ धरलं, सुक्या डांबरावर कर्रकर्र आवाज करत नोर्बेर्तोचं डोकं उठवलं, आणि उन्हाळ्यात त्यांच्या सरपणाच्या खोपटात पडून राहिलो. एका उन्हाळ्यात मांजर माझ्या पोटात व्यायली. टायरच्या आयुष्यात ह्याहून मोठी घटना घडत नसते, असं मला तेव्हा वाटायचं.

मग नवरा-बायको वेगळे झाले. कारण मला ठाऊक नाही. गाडीत ते भांडायचे नाहीत, एकमेकांशी बोलायचेच नाहीत, आणि अशा वेळी आमच्या खिळ्यांचा आवाज फार मोठा वाटायचा. रोमिना उशुआयाला गेली, खेकडे सोलून डब्यात भरायच्या कारखान्यात तिला काम मिळालं. तिनं त्याच बनावटीची जुनी गाडी घेतली. आयलेन शाळेसाठी आईकडे आणि शनिवार-रविवार बापाकडे, असं ठरलं.

सामानाची वाटणी झाली ती मी खोपटातून ऐकली. कुणाला जास्त नको आणि कुणाला कमी नको, ह्याच एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. खुर्च्या निम्म्या निम्म्या. मेंढीच्या कातड्याच्या गोधड्या तशाच. कोंबड्यासुद्धा मोजून वेगळ्या केल्या. शेवटी आमची पाळी आली. बेटावर तेव्हा आमच्या मापाचे खिळेवाले टायर मिळत नव्हते, आणि सगळेच्या सगळे त्यालाच द्या किंवा तिलाच द्या, असं म्हणायला दोघांपैकी कुणाची जीभ उचलेना. तेव्हा दोन इकडे, दोन तिकडे. चारही चाकं ओढणाऱ्या दोन गाड्या आणि प्रत्येकीच्या दोनच पायांत बूट. टायर निवडताना एवढी डोळस असलेली बाई वाटणीच्या वेळी आंधळी झाली.

दोघंही आपापले दोन टायर घेऊन अन्सेल्मोकडे आले, वेगवेगळ्या दिवशी. दोघांनाही त्यानं एकच सल्ला दिला. चांगले दोन पुढे लावा, गाडी पुढची चाकंच वळवतात. हे इकडे सगळेच म्हणतात. अन्सेल्मोही तेच ऐकत मोठा झाला होता. मी आणि माझा उजवीकडचा भाऊ नोर्बेर्तोच्या पुढच्या चाकांना लागलो. मागे साधे टायर होते, थंडीत लाकूड झालेले.

दर शुक्रवारी दोन्ही गाड्या अन्सेल्मोच्या शेडसमोर यायच्या. रोमिना दरीतल्या रस्त्यानं यायची, जिथे हिवाळाभर ऊन पोचत नाही. नोर्बेर्तो घाट उतरून यायचा. इंजिन चालूच. एक दार उघडायचं, एक लागायचं, दप्तर इकडून तिकडे जायचं. खिडकीच्या काचासुद्धा खाली होत नव्हत्या. रविवारी हेच उलट्या दिशेनं. अन्सेल्मो दारात उभा राहून हात हलवायचा आणि तो कुणासाठी आहे हे कुणालाच कळायचं नाही.

त्या शुक्रवारी आम्ही घाटमाथा ओलांडून तोल्विनच्या बाजूला उतरायला लागलो होतो. खाली सरोवर गोठलेलं. आयलेन शाळेतलं काहीतरी सांगत होती. वळणापलीकडे रस्त्यात एक रानटी ग्वानाको उभा होता, उंटाच्या जातीतलाच, लांब मानेचा, स्वतःच्या विचारात. नोर्बेर्तोनं ब्रेक दाबला.

मी धरलं. माझ्या भावानंही धरलं. आमचं काम आम्ही चोख केलं, आणि तेच नडलं. आम्ही थांबलो, पण मागची चाकं थांबायला तयार नव्हती. ती बाजूनं पुढे निघाली. गाडी भोवऱ्यासारखी फिरली, मागचा बंपर कठड्यावर आदळला आणि कठडा वाकला. वाकला, तुटला नाही. ग्वानाकोनं एकदा पाहिलं आणि तो निघून गेला.

नोर्बेर्तोचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. आयलेनला लागलं नव्हतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आपण तुमच्या घरी चाललो होतो ना? मग गाडी आईकडे तोंड करून का उभीये?"

नोर्बेर्तो खाली उतरला, कठड्याकडे गेला, खाली सरोवराकडे पाहिलं आणि तिथेच रस्त्यावर बसून रडला. मी म्हटलं ना, मला माणसांवर फार प्रेम नाही. पण त्या दिवशी मला चार चाकांइतकं धरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं फार वाटलं.

गाडी आधीच उशुआयाच्या दिशेनं वळलेली होती. तो तसाच हळूहळू अन्सेल्मोकडे परत आला आणि त्यानं रोमिनाला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा त्यानं आम्हा दोघांना काढून तिच्या गाडीशी नेऊन उभं केलं होतं.

"घे," तो म्हणाला. "चारही तुझ्याकडे राहू देत."

रोमिना आयलेनला छातीशी धरून उभी होती. त्याला पुष्कळ बोलायचं तिच्या मनात होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आपल्याही गाडीच्या मागच्या चाकांना लाकूडच लावलंय, हे तिला आठवलं असावं.

"आणि शुक्रवारी तिला घाटावरून कशावर नेणार आहेस?" तिनं विचारलं.

त्यानं आपल्या गाडीच्या रिकाम्या पुढच्या बाजूकडे पाहिलं.

"जिकडे ती, तिकडे चारही," रोमिना म्हणाली. "जो एकटा जाईल तो साखळ्या बांधून जाईल."

अन्सेल्मो एवढंच म्हणाला, की दोन टायर लावून मागणाऱ्याला ह्यापुढे त्याच्या दुकानात पाना मिळणार नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही चौघं रोमिनाच्या गाडीवरून उतरून नोर्बेर्तोच्या गाडीवर चढायचो आणि रविवारी परत. दोन्ही गाड्या जॅकवर उभ्या, आठही चाकं खाली. इंजिन चालू ठेवून हे होत नाही. बाहेर उभं राहवत नाही, शेगडी एकच आणि बाक एकच. पहिल्यांदा दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले आणि मधे आयलेन.

अन्सेल्मोनं काम सुरू करण्याआधी माटे बनवला. हा आमच्याकडचा कडू चहा, भोपळ्याच्या एकाच पेल्यातून आणि एकाच नळीनं सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचा. पेला परत देताना 'धन्यवाद' म्हटलं, तर आता मला पुरे, असा त्याचा अर्थ. पहिल्या शुक्रवारी नोर्बेर्तो एकदा प्यायला आणि लगेच धन्यवाद म्हणाला. रोमिनानं तर तोंडाला लावण्याआधी नळी आपल्या रुमालानं पुसली. आयलेन हे सगळं बघत होती. मीही बघत होतो. मी जॅकशेजारी आडवा पडलेलो, मला दुसरं काय काम?

पुढे रुमाल निघेनासा झाला. नोर्बेर्तोचं धन्यवाद उशिरा यायला लागलं. रोमिना कधी तळलेल्या पुऱ्या घेऊन यायची, आयलेनसाठी म्हणून, पण आयलेनला पुरून उरतील इतक्या. नोर्बेर्तो गिरणीतलं लाकूड अन्सेल्मोच्या शेगडीसाठी आणायचा. ते पुन्हा एकत्र येतील असं मला कधी वाटलं नाही, आणि ते आलेही नाहीत. पण आयलेनच्या दातांविषयी, तिच्या गणिताविषयी, रोमिनाच्या आईच्या गुडघ्यांविषयी ते बोलायला लागले. एकदा रोमिनानं त्याच्या गावाकडच्या चिखलाची चेष्टा केली आणि तो हसला. आयलेननं त्या दिवशी बूट घालायला मुद्दाम उशीर केला.

आमच्या मापाचे टायर बेटावर पुन्हा मिळायला लागले होते. अन्सेल्मोला ते माहीत होतं, नोर्बेर्तोला आणि रोमिनालाही माहीत होतं. कुणी चौकशी केली नाही.

पण टायर कायमचा नसतो. दरवर्षी माझे थोडे खिळे रस्त्यानं ठेवून घेतले. चिरा बुजत आल्या. मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला रोमिनानं पहिल्यासारखाच हातमोजा काढला आणि माझ्यावर नख दाबलं. नख वाकलं.

"झालं ह्यांचं," ती म्हणाली. ह्यावर कुणीच वाद घातला नाही. कठडा सगळ्यांना आठवत होता. तिनं चार नवे घेतले, त्यानं चार नवे घेतले, सगळे एकसारखे, खिळेवाले. शहाणपणाचंच झालं. आयलेन मात्र त्या दिवशी पुरी न खाता बसून राहिली.

आम्हाला अन्सेल्मोनं टाकलं नाही. दोनावर दोन अशी आमची रास लावली, वर फळी टाकली आणि शेगडीजवळ नवा बाक केला. जुन्याचा एक पाय मोडायला आला होता.

मग नव्या टायरांचा पहिला शुक्रवार आला. दोन्ही गाड्या शेडसमोर थांबल्या. बदलायचं काही नव्हतं, म्हणून इंजिनं चालूच राहिली. एक दार उघडलं. आयलेन दप्तर घेऊन उतरली. बापानं आतूनच तिच्यासाठी दुसरं दार उघडलं. ती त्याच्याकडे गेली नाही. दोन गाड्यांच्या मधे उभी राहिली आणि मग शेडच्या दाराशी आली.

"काका, दोन्ही गाड्यांची हवा बघाल का?"

"अगं पोरी, नवे लावले तेव्हाच तर भरली," अन्सेल्मो म्हणाला. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. हातातला पाना खाली ठेवला आणि बाहेर गेला.

"इंजिन बंद करा दोघांनी," मला आतून ऐकू आलं. "हवा बघायचीये. आत जाऊन बसा, वेळ लागेल."

ते आत आले. रोमिना एका टोकाला बसली, नोर्बेर्तो दुसऱ्या टोकाला, आयलेन मधे. पेला फिरला. नेहमी सगळे टायर काढून लावायला अन्सेल्मोला जेवढा वेळ लागायचा, त्याहून जास्त वेळ त्यानं त्या दिवशी हवा बघण्यात काढला. मग हात पुसत आला आणि त्यांच्यातच बसला. धन्यवाद कुणीच म्हणालं नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी हवा बघितली जाते.

टायरच्या गोष्टीत शेवटी उपदेश असावा लागतो, तर तो एकदाचा करतो. बर्फात गाडी नेणार असाल तर तिला किती चाकं ओढतात ह्यावर जाऊ नका. टायर थंडीत बाहेर ठेवून त्यावर नख दाबून बघा. आणि घ्याल तर चारही एकसारखे घ्या. हे तुम्हाला अन्सेल्मोही सांगेल, आता.

स्वतःसाठी एकच मागणं आहे. म्हाताऱ्या टायराला लोक जाळतात, नाहीतर उभा कापून त्यात फुलझाडं लावतात. आमचं तसलं काही करू नका. आम्हाला इथेच शेगडीजवळ राहू द्या. शुक्रवारी चौघांना बसायला जागा लागते.