धाकट्याला मी दिसेना

मी एक जुना लोखंडी डबा आहे, मित्रांनो. आत गरगर फिरणाऱ्या तबकड्या होत्या आणि बाहेर मिणमिणते हिरवे दिवे. मालवणच्या बंदराजवळ मच्छीमारांच्या एका सोसायटीत माझं आयुष्य गेलं. खिडकीतून समुद्राची गाज यायची आणि माझी घुंघुं तिच्यात मिसळून जायची. त्यातली माझी कुठली, ते माझं मलाच कळायचं नाही.

माझ्या दोन बाजूंना दोन सर्व्हर. सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदासकाका त्यांना थोरलो आणि धाकटो म्हणत. डोकी त्यांची, पण आठवण सगळी माझ्या पोटात: कुठली होडी कुठल्या अंगाला गेली, तिच्यावर कोण कोण आहे, वायरलेसवर तिला कुठे हाक मारायची. दोन घरांची एकच विहीर, असंच म्हणा ना! थोरला बंद पडला, तर धाकट्यानं मला उघडायचं. म्हणून ऑपरेटर शर्मिला दर सोमवारी थोरल्याला मुद्दाम बंद करी आणि धाकट्याला मी दिसतो का ते बघे. मी दिसलो की ती स्वतःशीच हसायची. मला फार आवडायचं ते.

२००९च्या दसऱ्याला काकांनी आमच्या वायरी काढून आम्हाला लख्ख पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले आणि वायरी परत खोचल्या. मी तर नवरदेवासारखा फुगलो! शर्मिला तपासायला आली, तर काका हां हां करत आडवे आले.

"पूजलेली मशीन कोण बंद करता काय गो? दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली, आणि तपासायचं राहूनच गेलं.

कार्तिकात एका दुपारी समुद्र काळाठिक्कर पडला. वारा असा सुटला की माड वाकून जमिनीला टेकतात की काय! विजेचा झटका बसला आणि थोरला जागीच थंड झाला. शर्मिला धाकट्याकडे धावली.

"काका, डबो दिसणा नाय! सगळा रिकामा दाखवता!"

मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो. माझ्या पोटात सगळ्या होड्या, त्यात तिच्या भावाची, अजयचीही. ओरडावं तर मला तोंड नाही. इतका जीव माझा कधीच तुटला नव्हता, मित्रांनो.

शेवटी ती माझ्यामागे आडवी झाली आणि एकेक वायर बोटांनी चाचपत गेली. माझ्यातून धाकट्याकडे जायची वायर थोरल्याच्याच दुसऱ्या खाचेत बसली होती. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

"माझ्याच हातान झाला गो ह्या!"

तिनं वायर जागेवर लावली, धाकट्याला बंद करून पुन्हा चालू केलं, आणि मी त्याला दिसलो.

"आधी अजयाक हाक मार," काका म्हणाले.

तिनं नकारार्थी मान हलवली. सगळ्यात लांब गेलेल्या होड्या आधी. एकेकीला ती सांगत गेली, मागे फिरा, जवळची खाडी गाठा. अजयचं नाव आलं तेव्हा तिनं दोनदा हाक मारली. किती वेळ नुसतीच खरखर. मग वायरलेसवर अजयच ओरडला, "आयकतंय गो बाय, बोल!"

शर्मिला बोलली आणि रडलीही. अजयची होडी रेडीच्या खाडीत शिरली.

आता माझ्या जागी नवा डबा आहे. मी मागच्या पत्र्याच्या खोलीत पडून असतो. तबकड्या फिरत नाहीत, तरी स्वप्नं पडतात. होड्या माझ्या पोटातून संथ निघतात आणि संथ परत येतात. माझं मागणं एवढंच, मित्रांनो. त्या नव्याला हार जरूर घाला, पण त्याला तपासायचं उद्यावर टाकू नका. समुद्रावर रोज कुणाचा तरी भाऊ गेलेला असतो.