कणभर क्रोमियम

मादिउन शहराच्या बाजारात वुर्यानीच्या पेचेलच्या गाडीवर सकाळी सहापासून गिऱ्हाइकांची झुंबड असे. खाली गरम भात, वर उकडलेल्या शेंगा, पालेभाजी, मोड आलेलं कडधान्य आणि शेंगदाण्याची झणझणीत चटणी. दुसऱ्यांना पोटभर वाढणारी वुर्यानी स्वतः मात्र तीन वर्षांपासून बेतानं खायची. तिला मधुमेह होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या ती न चुकता घेई, आणि साखर आटोक्यात होती.

पालुपी तिची शाळेपासूनची मैत्रीण. त्याच दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, आता निवृत्त झालेली. वुर्यानीची दोन्ही बाळंतपणं तिच्या हातची. वुर्यानीचा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस पालुपी तिच्याकडे मुक्कामाला होती. त्यामुळे तिनं क्रोमियमच्या कॅप्सूलची डबी हातात ठेवली, तेव्हा वुर्यानीनं वरची अक्षरंसुद्धा वाचली नाहीत.

पालुपीनं समजावूनही छान सांगितलं. क्रोमियम हा धातू, पण शरीराला तो लागतो कणभर, मिठाच्या खड्याच्या हजाराव्या हिश्शाएवढा. तो असला की साखर रक्तातून आत शिरते, नसला की दारातच ताटकळते. “तुझ्यात तेवढीच उणीव आहे,” ती म्हणाली. “ती भरून निघाली की त्या गोळ्या हव्यात कशाला? मूत्रपिंडांची वाट लागते त्यांनी. तीस वर्षं बघत आलेय मी.”

वुर्यानीनं गोळ्या सोडल्या. एवढंच नाही, शुक्रवारी कुराण वाचायला जमणाऱ्या बायकांत तिनं तुमिनीलाही ही डबी घ्यायला लावली. तुमिनी एकटी राहणारी विधवा, मधुमेह निघाल्यापासून घाबरलेली. वुर्यानीनं तिला शब्द दिला, की पालुपी सांगते म्हणजे डोळे मिटून घ्यायचं.

दोन-तीन महिन्यांत वुर्यानीच्या घशाला कोरड पडू लागली. पालुपी म्हणाली, अंगातलं विष बाहेर पडतंय, थोडं सोस. पाचव्या महिन्यात चपलेनं अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला, तो वुर्यानीला जाणवलासुद्धा नाही. लेकीनं पाहिलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. इस्पितळात ते कापावं लागलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलली शांतपणे. क्रोमियम खोटं नाही, ती म्हणाली, पण रोजच्या जेवणातून हवं तेवढं मिळतं, तुम्ही विकता त्या शेंगा-भाजीतूनसुद्धा. कॅप्सूलनं मधुमेह बरा होतो याचा भक्कम पुरावा नाही, आणि औषधाच्या जागी तर ती कधीच घ्यायची नाही.

पालुपी भेटायला आली आणि खाटेला धरून रडली. उलट वुर्यानीनंच तिचे डोळे पुसले. बिचारीला तरी काय ठाऊक, तीही फसलीच असणार, असं तिनं मनाला पटवलं.

घरी आल्यावर ती काठी टेकत पालुपीकडे गेली, डॉक्टरीणबाईचं बोलणं सांगायला. पालुपी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. या घरात वुर्यानीला कधी परकेपणा नव्हता. पाणी घ्यायला तिनं स्वतःच फ्रिज उघडला. दारात अंड्यांशेजारी इन्शुलिनची इंजेक्शनं होती. चिठ्ठीवर पालुपीचं नाव, तारीख गेल्या आठवड्यातली.

पालुपी आत आली आणि जागच्या जागी थबकली.

“कधीपासून?” वुर्यानीनं विचारलं.

“सहा वर्षं झाली.”

“आणि त्या कॅप्सूल?”

पालुपी म्हणाली, की वीस जणी जोडल्या की कॅप्सूलवाली कंपनी तिला उमराला, मक्केच्या यात्रेला नेणार होती; अठरा झाल्या होत्या. “तुझी साखर थोडीशीच वाढलेली होती गं. वाटलं, तुला चालून जाईल.”

“मग स्वतःचं इंजेक्शन का नाही सोडलंस?”

“भीती वाटली.”

“माझ्या वेळी नाही वाटली?”

वुर्यानीनं फ्रिजचं दार नीट लावलं आणि पाणी न पिता बाहेर पडली. वाटेत तिला रडू आलं नाही. आठवत राहिली ती बाळंतपणं, ते चाळीस दिवस. ते खरं होतं की नाही, हे आता कुणाला विचारायचं?

शुक्रवारी तिनं सगळ्या बायकांसमोर घडलं ते सांगितलं. काहींनी डब्या टाकून दिल्या. तुमिनी मात्र हटून बसली. “ती नर्स, तू पेचेलवाली. भांडण तुमचं असेल.”

दुसऱ्या दिवशी वुर्यानीनं गाडी बंद ठेवली आणि तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तुमिनीची साखर चारशेच्या घरात निघाली. तिनं आकड्याचा कागद वुर्यानीपुढे धरला.

“पालुपीला मी कुठं ओळखत होते?” ती म्हणाली. “मी घेतल्या त्या तुझ्या शब्दावर.”

वुर्यानीनं पालुपीचं नाव पुढं केलं नाही. “हो,” ती म्हणाली. “माझ्याच शब्दावर.”

गोळ्या मिळेपर्यंत दोघी बाकावर बसून राहिल्या. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा तुमिनीनं सोडली होती.