फेस जातो कुठे

माझी नणंद राइजिएली हिच्या तोंडाला लागायची हिंमत अख्ख्या गावात फक्त मला. आमच्या फिजीत नणंद-भावजयीने एकमेकींची टर उडवायची रीतच आहे, आणि आम्ही ती मनापासून पाळतो.

पण त्या ईस्टरला ती थट्टा करत नव्हती. बा नदीच्या वळणावर बुड्या मारून ती शिंपल्या काढते, आणि त्यांना साबणाची चव यायला लागली होती. ऑगस्टमध्ये तिच्या लेकाचं लग्न. वराच्या आईनेच आपल्या वळणावरच्या शिंपल्या वाढल्या नाहीत, तर व्याह्यांसमोर मान खाली जाणार. दोष माझा, असं ती म्हणाली, कारण वळणाच्या जरा वर माझा धुण्याचा दगड.

मी कशाला ऐकून घेते? फेस दहा हातांवर विरतो, तुझ्या वळणावर पाणी कसं नितळ असतं, असं मी तिला चारचौघींत सुनावलं.

माझी लेक सेरेआना सुट्टीला घरी आली होती. ती राजधानीत, सुवाला, नद्यांची तपासणी शिकते. तिने जॅमच्या दोन बाटल्यांत सारखंच साबणाचं पाणी भरलं, एकीत वळणावरचा मूठभर चिखल टाकला आणि दोन्ही खळखळून हलवल्या. नुसत्या पाण्यावर फेसाचा ढीग. चिखलाच्या बाटलीत जेमतेम चार बुडबुडे.

"बघ," मी म्हणाले, "साबण चिखलाने खाल्ला. सुटले मी."

राइजिएलीने शांतपणे विचारलं, "आणि माझ्या शिंपल्या कुठे राहतात गं, वहिनी?"

त्याच चिखलात. लाज वाटली. साबण चिखलाच्या कणांना चिकटून बसतो, पण वरून नवा आला नाही तर हळूहळू जिरून जाईल, असं सेरेआना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठ जणींनी माझा दगड ढकलत नदीपासून लांब, वर केळीच्या बागेत नेला. वाटभर गाणी, आणि माझ्या कमरेच्या घेरावर नणंदेचे विनोद.

लग्नाच्या दिवशी शिंपल्यांच्या पातेल्यात भसकन पांढरा फेस वर आला. राइजिएलीचा चेहरा उतरला. मी पुढे होऊन डाव बुडवला आणि चाखलं. नारळाचं दूध उतू जात होतं, एवढंच.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग व्याही ताटकळत बसलेले असताना तिने पहिला वाडगा भरला आणि माझ्या हातात दिला.