न लागलेला दिवा

गाडी गॅरेजमधून आल्यापासून थोरलीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. रंग असा की आरशाने झक मारावी. बॉनेटची फट सरळ, दार हलक्या हाताने लागतं. तरी रोज सकाळी ती गाडीभोवती दोन चकरा मारायची आणि काय खुपतंय ते न कळून स्वतःवरच चिडायची.

ती ड्रायव्हिंग शिकवायची. टेम्पोने समोरून ठोकलं तेव्हा स्टिअरिंगवर एक नर्स शिकत होती. एअरबॅग उघडली म्हणून चष्मा फुटण्यावर निभावलं, नाहीतर बाईचं तोंड उरलं नसतं. गाडी दुरुस्तीला दिली सख्ख्या दिराकडे. नवी एअरबॅग बसवली, म्हणाला. घरच्या माणसाचं काम. उघडून बघायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं. कुणीच बघितलं नाही.

तिच्या क्लासचा एक नियम होता. किल्ली फिरवली की समोर जे दिवे लागतील ते शिकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचे आणि विझल्यावरच निघायचं. जुने शिकाऊ हे न बघताच पाढ्यासारखं घडाघडा म्हणत. शेजारच्या सीटवरून ती ऐकायची, मान हलवायची. एकटी असली की किल्ली फिरवून सरळ सुटायची. दिवे बघायचे ते शिकाऊंनी!

त्या दिवशी स्टिअरिंगवर धाकटी होती. तिची जाऊ, गॅरेजवाल्याची बायको. नवऱ्याला पत्ता नव्हता. "तुला कुठे जायचंय गाडी घेऊन?" एवढं विचारून त्याने विषय संपवला होता, म्हणून ही चोरून शिकत होती.

"ऑइल. बॅटरी. बेल्ट. ब्रेक," धाकटी म्हणाली आणि थांबली.

"एअरबॅगचा राहिला."

"तो नाही लागला, ताई."

"नीट बघ. लाल, माणूस बसलाय आणि पुढे गोळा."

"माणूस नाही आणि गोळाही नाही. मी काय आंधळी आहे?"

थोरली वाकली. किल्ली बंद, चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. दिवा पेटून विझला तर एअरबॅग ठीक. पेटून राहिला तर बिघाड. पेटलाच नाही तर बिघाड लपवायला कुणीतरी त्याचं तोंड दाबलंय. आठवडाभर तिने लोकांच्या लेकीसुनांना या सीटवर बसवलं होतं.

"उतर. मी चालवते. गॅरेजला."

"मीच नेते," धाकटी म्हणाली. "कळू दे त्यालाही."

बायकोला स्टिअरिंगवर बघून दिराच्या हातातला पाना खाली पडला. "हे काय नाटक, वहिनी?"

"भाऊजी, एअरबॅग उघडून दाखवा."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"होता. म्हणून तर आठवडा गेला."

"बरं, दाखवतो! घरचेच लोक इज्जत काढायला बसलेत." त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि तावातावाने दार उघडलं. "ए, उतर गं."

थोरली बघतच राहिली. हाच माणूस एअरबॅगला हात लावण्याआधी अख्खं गॅरेज डोक्यावर घ्यायचा. बॅटरीची वायर काढा, थोडा वेळ जाऊ द्या, समोर कुणी उभं राहू नका, तोंड फुटेल! आज बॅटरीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"बॅटरी न काढता, भाऊजी? आणि फुटली म्हणजे?"

"नाही हो फुटत," तो करवादला.

बोलून गेला आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली घेतला.

"का नाही फुटत?" धाकटीने विचारलं. ती सीटवरून हलली नव्हती. "उघड. मी इथेच बसते. फुटत नाही म्हणालास ना?"

त्याने स्क्रू काढले. स्टिअरिंगच्या मधलं झाकण निघालं. आत चिंध्या कोंबल्या होत्या, वर ठोकलं तर पोकळ वाजू नये म्हणून.

"सगळेच करतात," तो म्हणाला. "परत ठोकणार थोडीच होती लगेच! तू बसशील हे मला काय माहीत?"

"म्हणजे दुसरी बसली असती तर चाललं असतं," थोरली म्हणाली.

धाकटी एव्हाना उतरली होती. दारात मालकांची वाट बघत तीन गाड्या उभ्या होत्या, धुतलेल्या, चकाकणाऱ्या, किल्ल्या आतच. पहिलीचं दार तिने उघडलं.

"ए, ती गिऱ्हाइकाची आहे!" तो धावला. थोरली मध्ये उभी राहिली.

धाकटीने किल्ली फिरवली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "ऑइल! बॅटरी! बेल्ट! ब्रेक!"

मग ती थांबली.