कोंडीनंतरची डोली

माझ्या बायकोला, कोंडीला, जीपने मोखाड्याच्या दवाखान्यात पाठवलं. गाडीत जागा नव्हती, म्हणून मी फाट्यावर मागच्या जीपची वाट बघत होतो. तिच्या भावाचा फोन तिथेच आला. "भाऊजी, ताई गेली."

आमच्या पाड्याला रस्ता नाही; आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीत, डोलीत, खांद्यावरून फाट्यापर्यंत नेतात. डोली उचलण्याआधी आमच्या ख्रिस्ती मंडळीतला एक विश्वासणारा बांबूवर हात ठेवून प्रार्थना करतो. ते काम कोंडीचं होतं. तिच्या डोलीवर प्रार्थना मी केली होती. माती दिल्यावर पाळक म्हणाले, "आता हे तुम्ही करा. देव बोलावतोय."

"मी मागितलं आणि बायको मेली. मला बोलावू नका," मी म्हणालो.

आज सकाळी शेजारची रंगू दारात आली. तिची लेक करिष्मा बाळंतपणात अडली होती, डोली बांधून तयार होती.

"तुकादादा, चल."

"माझं देव ऐकत नाही, रंगू."

"कोंडीचं तरी दरवेळी कुठे ऐकायचा? माझा नवरा गेलाच ना! तरी पुढच्या डोलीला ती आली. तुझं देवाशी भांडण आहे, तर तिथे येऊन भांड."

मी गेलो. बांबूवर हात ठेवला. "बापा," एवढंच म्हणालो आणि रडू फुटलं. करिष्मा कण्हत होती. थांबायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही डोली उचलली.

जीप तिला घेऊन गेली. मी फाट्यावर उभा आहे. प्रार्थना पुरी करायची राहिली आहे.